दहा अंश

शुक्रवारी पाचच्या आत फॉर्म भरायचाय
आणि माझ्यापुढे तीन कागद आहेत.

पहिला चार वर्षांचा. पदवी.
शेवटचं वर्ष हॉस्पिटलात, पांढऱ्या कोटात.
फीचा आकडा बाबांनी दोनदा वाचला,
मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला
आणि परत वाचला. आकडा तेवढाच.

दुसरा डिप्लोमा, दोन वर्षं, कुर्ल्याला.
आईला हा आवडतो,
कारण वहिनीच्या आत्येबहिणीने तो केलाय
आणि आता ती मॉलमध्ये बसते, एसीत.

तिसरा म्हणजे हातिमभाईंनी
बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं:
ये. शिकवतो. महिना सात हजार. डबा घरचा.

परळला, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान.
आत दोन गिऱ्हाइकं असली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं.
बारावीनंतरची सुट्टी मी तिथेच काढली.
गरम वाळूच्या डब्यात काडी किती मोजेपर्यंत धरायची
(अकरा. जुनी सेल्युलॉइडची असेल तर सात, आणि देवाचं नाव),
ओल्या चाकावर काच फिरवताना मनगट कसं सोडून द्यायचं,
आवाज बदलला की थांबायचं.
"काचेला घाई कळते, दीकरी."

आणि बाहुल्यांमधलं अंतर.
नाकावर पट्टी टेकवून अनोळखी माणसासमोर, वीतभरावर:
माझ्या डाव्या डोळ्यात बघा. आता उजव्या.
बासष्ट. चौसष्ट. एका टेम्पोवाल्याचं बहात्तर.
काही डोळे नुकतेच रडलेले असतात,
मागेच हॉस्पिटल आहे.
आकडा लिहायचा. विचारायचं नाही.

मग एका मंगळवारी साटमबाई परत आल्या.
करी रोडला ब्लाउज शिवतात.
चष्मा मी बसवलेला, पहिलाच, सबंध माझ्या हातचा.
"पोरी, रस्त्याला उतार आलाय गं.
शिवण सरळ आहे हे हाताला माहितीये,
आणि डोळा म्हणतो, उसव."

हातिमभाईंनी चष्मा हातभर लांब धरला,
त्यातून दाराची चौकट बघत हळूच फिरवला.
चौकटीची उभी रेघ मध्येच मोडली.
"दहा अंश," म्हणाले.
मशीनला विचारलंसुद्धा नाही.

मी विचारलं, दहा अंशांनी अख्खा रस्ता कसा कलतो?
डोळ्याच्या आत नेमकं होतं काय?
ते बराच वेळ तीच काच पुसत राहिले.
"कुठे चुकलं ते मला दिसतं. का, ते नाही सांगता येत.
माझ्या बापालाही नव्हतं येत.
तिकडे शिकवत असतील."
आणि हनुवटीने हॉस्पिटल दाखवलं,
जिथून चाळीस वर्षं त्यांच्याकडे चिठ्ठ्या येतात,
जिथे ते एकदाच गेलेत, मोतीबिंदूला.

बाबा म्हणतात, कर्ज काढू.
म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.
आई म्हणते, दोन वर्षं काय थोडी असतात?
नंबर काढताना विचारतात ना,
हे बरं की हे? आता? की मघाचं?
आणि माणसं घाबरतात, परीक्षाच असल्यासारखी.
मी त्यांना सांगायचे, चुकत नाही हो, दिसतं ते बोला.

साटमबाईंची काच मी पुन्हा कापली, माझ्या पैशांनी.
त्यांनी पायरीवरच चष्मा घातला,
फुटपाथवर एक पाय आपटून बघितला,
"आला जाग्यावर," म्हणाल्या आणि गेल्या.
का आला, मला अजून माहीत नाही.

आज शुक्रवार. पहिला कागद भरतेय.
पालकांचा व्यवसाय, उत्पन्न, जात, टक्के.
पूर्वानुभवाचा रकाना ऐच्छिक आहे.
लिहिलं: एक चष्मा. दोनदा.

हातिमभाईंचं बिल घडी घालून
चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवलंय.
रविवारी दुकान उघडं असतं.